पाटीवरची अंडी

शिवाजी पेठ, फेब्रुवारी १९८२
रविवार, दिवेलागण

एंजल माशांच्या जोडीनं काल टाकीतल्या दगडी पाटीवर अंडी घातली. याआधी दोनदा घातली होती. दोन्ही वेळा खिडकीखाली फटाके वाजले आणि घाबरून आई-बापांनीच ती खाऊन टाकली.

आज फुटबॉलची फायनल. आमच्या तालमीचा संघ जिंकला की फटाक्यांची पहिली माळ आमच्याच खिडकीखाली लागते, तशी रीतच आहे. धाकटा भाऊ शिवा फॉरवर्डला. आणि मी जन्मात पहिल्यांदा मॅच सोडून टाकीपुढं बसलेला. आई म्हणाली, "खुळा हायस काय? माशापायी भावाची मॅच सोडलीस?"

मैदानावरचा गलका घरात येत होता. बरोबरी झाली, असं पोरं गल्लीतनं ओरडत गेली. मी पाटीकडं बघितलं. मादी अंड्यांवर पंख हलवत होती. तोंडातनं निघून गेलं, "अंबाबाई, आज हरू देत."

आई देवापुढं दिवा लावत होती. तिनं ऐकलं का? मान काही वळवली नाही.

मग गलकाच थांबला. गल्ली चिडीचूप. सुटलो, असं वाटलं. आणि त्या वाटण्याचीच लाज.

शिवा आला, गुडघे फुटलेले. "पेनल्टी माझ्याकडनंच चुकली, दादा." टाकीपुढं बसून पाटीकडं बघत राहिला. "अंडी हाईत न्हवं? तेवढं तरी बरं झालं."

तो पाय धुवायला गेला. आई जवळ आली, हळूच म्हणाली, "देवीनं तुझंच ऐकलं की."