पाण्यातल्या दशम्या

रविवार, ५ डिसेंबर १९३७. केदारखेडा.

जालन्याहून काकासाहेबांचे पत्र आले. काकासाहेब म्हणजे जुन्या जालन्यातल्या वाचनालयाचे सेक्रेटरी. वाचनालयातले एकही पुस्तक न वाचता बारा वर्षे त्या खुर्चीवर बसलेला माणूस. वार्षिकोत्सव तीन दिवसांचा. शेवटचे भाषण माझे, शुक्रवारी सकाळी आठला. भाषण रंगले तर पुढच्या वर्षी उत्सवाचा अध्यक्ष मी. 'रंगले तर' या शब्दांखाली रेघ मारली आहे. मूर्ख.

मी विषय कळवला होता 'न्याहारी आणि राष्ट्र'. सरकारी कचेरीने भाषणाला परवानगी दिली, पण 'राष्ट्र' खोडून. उरली न्याहारी. हरकत नाही. या संस्थानात ज्याला खरे बोलायचे आहे त्याला भज्यांवरही बोलता आले पाहिजे. हॉटेलात न्याहारी करणारा मनुष्य गुलामीचा पहिला घोट रोज सकाळी बशीतून पितो. (वाक्य उत्तम. दोनदा म्हणायचे.)

अडचण एकच. पाहुण्यांची दोन्ही जेवणे वाचनालयात, पण मुक्काम रामकिसनच्या हॉटेलात आणि सकाळची न्याहारीही तिथेच. म्हणजे मी, हॉटेलात!

संकल्प : तिन्ही सकाळी हॉटेलचा कणही तोंडात घालणार नाही. न्याहारी घरून नेणार, खोलीत बसून खाणार. भाषणाच्या शेवटी तीच व्यासपीठावर सर्वांसमक्ष खाऊन दाखवणार. काकासाहेबांचे तोंड पाहण्यासारखे होईल.

सोमवार, ६ डिसेंबर.

ट्रंक भरली. सातूचे पीठ एक डबा, गूळ, भाजके शेंगदाणे, लसणाची चटणी, पाण्याला फिरकीचा तांब्या. स्टोव्ह नको. स्टोव्ह ही चैन आहे.

दशम्यांवरून सौ. ताराशी वाद. ती परातीतल्या पिठात दूध ओतायला निघाली होती. मी हात धरला. दुधात भिजवलेली दशमी प्रवासात चालते, पाण्यातली ओवळी होते, हा नियम कोणी केला? का केला? ज्या माणसाने सात गावांत सोवळ्याओवळ्याची पिसे काढली त्याच्या ट्रंकेत दुधातली दशमी? ती म्हणाली, अहो, सोवळ्याचं राहू द्या, दुधातली चार दिवस मऊ राहते, पाण्यातली दुसऱ्या दिवशी दगड होते. मी तिला अर्धा तास बुद्धिप्रामाण्य समजावले. ती मळत राहिली. शेवटी बारा दशम्या पाण्यात झाल्या. विवेकाचा विजय.

दुधाचे भांडे नंतर रिकामे दिसले. मांजर असावे.

नऊ पुस्तके घेतली. इंग्रजी पाच, मराठी तीन आणि भाषणे टिपून घेणाऱ्या पोलिसांच्या अमीनसाहेबांना दिसेल अशी ठेवायला एक उर्दू. रोज पहाटे दोन तास वाचायचे. ताराने ती सुतळीने बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मंगळवारी निघायचे आहे म्हणून रात्रीच सांगून ठेवले की लवकर उठव. तर म्हणाली, उठवते, पण तिथं पुस्तकं तेवढी रोज काढा हं. वाचनाची किंमत तिलाही कळू लागली आहे. माझ्याच सहवासाचा परिणाम.

मंगळवार, ७ डिसेंबर. जालना.

सर्व्हिस मोटारीत हाल. शेजारचा इसम वाटभर भुईमुगाच्या शेंगा खाऊन टरफले माझ्या धोतरावर टाकत होता. त्याला राष्ट्राबद्दल विचारले. म्हणाला, कोणतं गाव?

खोली माडीवर, खाली भटारखाना. फळ्यांच्या फटींतून तळणाचा वास वर येतो. रामकिसन, म्हणजे मालक, हात जोडून उभा. वक्तेसाहेब, सकाळी काय आणू? मी सांगितले, काही नाही. म्हणाला, तब्येत न्हाई का बराबर? मी म्हणालो, तत्त्व. तो म्हणाला, मंग काढा करून देऊ?

तत्त्वाचे अजीर्ण काढ्याने बरे करणारा देश!

बुधवार, ८ डिसेंबर. सकाळी ७.

पहिली न्याहारी. दशमी किंचित कडक. दातांना व्यायाम पाहिजेच. चटणीबरोबर एक खाल्ली. तांब्यातले पाणी संपले.

खाली पन्नासेक माणसे बसली आहेत. शिक्षक, वकील, आडते. हेच लोक परवा माझे श्रोते. त्यांच्या पाठी बघवत नाहीत.

वाचन झाले नाही. चिंतन झाले.

गुरुवार, ९ डिसेंबर. सकाळी ६.४०.

दशमी मोडत नाही. टेबलाच्या कडेवर आपटली. रामकिसन धावत वर आला. म्हणाला, खिळा ठोकून राह्यलेत का? भिंत कच्ची आहे, साहेब. दशमी उशीखाली सारली.

सातूला पाणी हवे. विचार केला. पाणी हॉटेलचे नसते, विहिरीचे असते. एक तांब्या मागवला. संकल्प अबाधित.

७.१५. पाण्याचा मुद्दा पुढे नेला. चहा म्हणजे मुळात पाणीच. त्यातली साखर बाहेरची, पत्ती बाहेरची. हॉटेलचे असे त्यात फक्त उकळणे. एक कप.

७.३०. शत्रूची छावणी आतून पाहिल्याशिवाय तिच्यावर बोलणे अप्रामाणिकपणाचे. निरीक्षणासाठी खाली गेलो. भिंतीकडे तोंड करून बसलो. भजी दोन प्लेट. निरीक्षण सखोल झाले. भजी तेलकट, गुलामीच्या चवीची. तिसऱ्या प्लेटीत खात्री झाली.

रामकिसनने विचारले, उद्याही हीच जागा धरून ठेवू का? मी शेवटचे भजे उचलले. त्याने ते होकारार्थी घेतलेले दिसते.

संध्याकाळी काकासाहेब भेटले. म्हणाले, शरदचंद्रराव, मागच्या वर्षी तुम्ही अडीच तास बोलले, लोकाला भूक लागली हो. औंदा जरा जल्दी आटपा. मी हसलो. उद्या याला कळेल.

शुक्रवार, १० डिसेंबर. पहाटे ५.

आरशासमोर भाषण दोनदा म्हटले. आरशाच्या डोळ्यांत पाणी आले. पुस्तके आता काढण्यात अर्थ नाही. ज्ञान ट्रंकेत नसते.

६.३०. शेवटचे निरीक्षण. फक्त चहा. आणि एक प्लेट.

त्याच दिवशी, दुपारी २.

वस्तुस्थिती तेवढी लिहितो.

सभा भरली. संस्थानात शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी, त्यामुळे गर्दी चांगली. अमीनसाहेब पहिल्या रांगेत वही घेऊन. रामकिसन त्यांच्या मागे, नवी टोपी घालून. मी सव्वा तास बोललो. गुलामीचा घोट दोनदा झाला. दोन्ही वेळा टाळ्या. अमीनसाहेबांनी कलम खाली ठेवले होते. अध्यक्षपद मला समोर दिसत होते.

मग डबा उघडला. म्हणालो, बंधूंनो, तीन दिवस या शिदोरीवर आहे, पाहा! दशमी उंच धरली. मोडली नाही. गुडघ्यावर मोडून पाहिली. मागून कोणीतरी ओरडले, पाटी आहे का ती? लिहून दाखवा! हशा.

अशा वेळी कच्चा वक्ता खचतो. मी सातूची मूठ भरली आणि तशीच कोरडी तोंडात टाकली.

ती टाळ्याला चिकटली. आत जाईना, बाहेर येईना. 'बंधूंनो' म्हणायला गेलो तेव्हा पीठ उडाले. बरेचसे अमीनसाहेबांच्या वहीवर. मी हातवारे चालू ठेवले. बोलणे नसले तरी आशय पोचत होता असे वाटते.

तेवढ्यात रामकिसन उभा राहून दाराशी थांबलेल्या आपल्या पोऱ्यांना ओरडला. अरे, वक्तेसाहेबाचा रोजचा चहा आणा जल्दी! आणि भजी बी आणा, ते भिंतीकडं बसून खातेत ती, कांद्याची!

त्याच्या मनात काही वाईट नव्हते. ही माणसे हीच तर अडचण आहे.

चहा आला. प्यालो. दुसरा उपाय नव्हता. टाळ्या आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या. काकासाहेब आभार मानायला उठले. म्हणाले, असं भाषण जालन्यानं ऐकलं न्हाई. पुढच्या वर्षी आम्ही यांना बिलकुल सोडत न्हाई, न्याहारीची कमिटी यांच्याकडंच. अध्यक्षपद कोणालाच न झेपणारे असल्याने ते नाइलाजाने स्वतः घेत आहेत.

जालना अजून तयार नाही.

शनिवार, ११ डिसेंबर. केदारखेडा.

घरी आलो. ताराला सांगितले, भाषण प्रभावी झाले, समाज मात्र मागासलेला आहे. ती बरं म्हणाली आणि ट्रंक उघडली. सातूचा डबा काढला. अकरा दशम्या एकीवर एक ठेवल्या, आवाज झाला. मग पुस्तकांचा गठ्ठा वर काढला. सुतळीची गाठ तिने बोटाने चाचपली. तिनेच मारलेली होती.

गठ्ठ्याखालून पांढऱ्या फडक्यात बांधलेले काही निघाले. चार दशम्या. तिने एक माझ्या हातात ठेवली आणि पुस्तके फडताळात लावायला लागली.

पाचवा दिवस. मऊ होती.

मी दुसरी घेतली.