तिसऱ्या पाहुण्याची चौकशी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मु. शिंगणापूर रस्ता, ता. नेवासा
मार्गशीर्ष शु. ८, शुक्रवार, दि. २८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गोजर हीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता काल सायंकाळी सुखरूप पोहोचलो. या पत्राचे छायाचित्र तुझ्या वहिनी मोबाईलवरून सुनीलला पाठवतील. त्याने ते आपल्या आईस वाचून दाखवावे. मूळ कागद टपालाने कोपरगावी येईलच.

तुला स्मरत असेल, अर्धांगवायूनंतर वहिनींची वाचा परतली तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, की दत्तजयंतीपर्यंतचे सात दिवस या परिसरात राहून मी पोथीचे पारायण करावे आणि त्यांनी ते ऐकावे. आज प्रारंभ केला. पारायणाचा दंडक कठोर आहे. एकदा मांडलेले आसन सातवा दिवस पुरा होईपर्यंत हलत नाही. जागा बदलली की वाचन खंडित झाले आणि नवस तसाच राहिला. जागेविषयी मी इतका काटेकोर का, ते यावरून ध्यानी यावे.

वीस वर्षे मी नेवाशाच्या लॉजवर उतरत आलो. तेथील जिना आता वहिनींना चढवत नाही, म्हणून नातवाने, समर्थने, पुण्यात बसून मोबाईलवर हे घर ठरवले. घर स्वच्छ आहे, अंगण आहे, स्वयंपाकाची सोय आहे. परंतु यजमान नाही. दारावर एक लहान पेटी, तिचे आकडे जुळवले की आत किल्ली. दारावर कॅमेरा. भिंतीवर सतरा नियमांचा कागद: दोघांहून अधिक राहू नये, चादरी काढून ठेवाव्यात, भांडी घासावीत, कचरा बाहेर न्यावा. पैसे मोजून पाहुणे व्हायचे आणि निघताना मोलकरीण होऊन निघायचे, हा अतिथिधर्म मला कोणत्याही शास्त्रात आढळला नाही.

लॉजवर गल्ल्यावर कारभारी बसतो. पहाटे चारला तो दार ठोठावून, गुरुजी, पाणी तापलंय, म्हणून सांगतो. चादर मळकी असेल तर ती त्याच्या पुढ्यात टाकून जाब विचारता येतो. येथे जाब कोणाला विचारावा? मोबाईलवर यजमानाचे नाव म्हणून केवळ ‘एम.’ हे एकच अक्षर आहे.

याहून विचित्र गोष्ट अशी, की मधल्या खोलीत आणखी एक दार आहे आणि ते पलीकडून बंद आहे. आज पहाटे पोथी उघडताना त्या बाजूने खोकल्याचा आवाज आला आणि मध्येच दाबल्यासारखा थांबला. वहिनींच्या मते तो बाहेरचा असावा. मला तसे वाटत नाही.

सुनीलला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, तो तसाच असू द्यावा.

तुझा दादा,
गहिनीनाथ

•

श्री

कोपरगाव, शनिवार, दि. २९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या गोजरचा साष्टांग नमस्कार. पत्र सुनीलनं वाचून दाखवलं. सतरा नियम ऐकून सूनबाई लई हसली. म्हणाली, मामा आयुष्यभर दुसऱ्याला नियम सांगत आले, आता त्यांना बी कोनी सांगनारं भेटलं.

दादा, तुमचा संशय काय आजचा हाय का? माझ्या लग्नात आपल्याला उतरायला दिलेल्या घरातल्या गाद्या उलथून बघितल्या होत्या तुमी, व्याह्यांनी ढेकूण सोडलेत का म्हणून. सासरच्यांनी तीस वर्षं ऐकवलं मला ते. तवा त्या कॅमेऱ्यासमोर उपरणं तोंडावर घेऊन येत-जात असाल तर तेवढं करू नका. बघनाऱ्याला तुमीच चोर वाटायचे.

खोकल्याचं म्हणाल तर ऊसतोडीच्या टोळ्या रस्त्यानं चालल्यात, त्यातला कोनी असंल. शिंगणापूर जवळ हाय, तिथं घराला दारं न्हाईत आन चोरी न्हाई. आपन का भ्यायचं?

वहिनींच्या पायाला तेल लावत जा, त्या आपनहून सांगायच्या न्हाईत. मायेची नजर असू द्या.

आपली,
गोजर

•

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष शु. ११, सोमवार, दि. १ डिसेंबर, सकाळी

चि. सौ. गोजर हीस,

अनेक आशीर्वाद. तू विनोद केलास, तो मी गोड मानून घेतला. आता जे लिहितो ते विनोदाचे नाही.

शिंगणापुरास दारे नाहीत, हे तू बरे आठवण करून दिलेस. ज्या मुलखात लोक स्वतःचे घर शनिदेवाच्या भरवशावर उघडे टाकतात, तेथेच पाहुण्यावर मात्र आकड्यांची पेटी आणि काचेचा डोळा. माझा संशय तेथूनच वाढला. काल दुपारी मधल्या दाराच्या फटीतून भाकरीचा वास आला. आमच्या चुलीवर त्या वेळी काहीच नव्हते.

आज वाचनाचा चौथा दिवस. वाचन आटोपून पाहतो तो मोबाईलवर यजमानाचा निरोप. घरात तिसरी व्यक्ती राहत असल्याचे लक्षात आले आहे. तिचे ओळखपत्र आज संध्याकाळपर्यंत पाठवावे, अन्यथा उद्या दुपारी बारा वाजता घर रिकामे करावे.

तिसरे कोण, ते तुला सांगायला नको. आपल्या वडिलांपासून चालत आलेला प्रघात आहे, की वाचणाऱ्याच्या समोर एक आसन रिकामे मांडायचे, दत्तमहाराजांनी यावे अशी प्रार्थना करायची, नैवेद्याचे ताट त्या आसनापुढे ठेवायचे आणि मग पोथी उघडायची. घराचे पडदे मी ओढून घेतो. बाहेरचा कॅमेरा आतले पाहू शकत नाही. मग तिसऱ्या ताटाची वार्ता या ‘एम.’ला कळली कशी? आत कोठेतरी डोळा किंवा कान बसवलेला आहे, याविषयी माझी खात्री झाली आहे. मी दिवे, पंखा, घड्याळ तपासले. काही सापडले नाही.

समर्थशी बोललो. त्याच्या मते एका ओळीत कळवून टाकावे, की तिसरे कोणी नाही. गोजर, हे मला लिहवत नाही. चार दिवस मी ज्यांना प्रत्यक्ष समोर मानून, यावे, बसावे, जेवावे म्हणालो, ते तेथे नाहीतच, असे स्वहस्ताने कसे लिहू? तसे लिहिले तर वाचन खोटे. आहेत असे लिहिले तर ओळखपत्र कोठून आणू? आणि काहीच न लिहिले तर उद्या बाराला आसन हलते आणि तुझ्या वहिनींचा नवस मोडतो. त्या सकाळपासून माळ घेऊन आसनाजवळ बसून आहेत.

तुला सुचेल ते लगेच कळवावे.

तुझा दादा,
गहिनीनाथ

•

श्री

कोपरगाव, सोमवार, दुपारी

तीर्थस्वरूप दादांस,

गोजरचा नमस्कार. एकादशीचं फराळाचं ताट बाजूला सारून लिहायला बसले. माझं मत इचाराल तर पोरगं म्हनतंय तसं लिहून टाका, कोनी न्हाई. महाराज एवढ्या तेवढ्यानं रागावनाऱ्यातले न्हाईत. पन तुमी ते करायचे न्हाईत, हे बी मला ठावं हाय.

मग निदान खरं तेच लिहा, समदं. गाद्या उलथायच्या आधी व्याह्यांना नीट इचारलं असतं तर त्यांनीच दाखवल्या असत्या. न्हाईच जमलं तर लॉजवाल्या कारभारीला फोन करून खाली एखादी खोली मिळती का बघा. नवस पुढच्या वर्षी फेडू. पन वहिनींना पुढच्या वर्षाचं मी सांगनार न्हाई, तुमीच सांगा.

आपली,
गोजर

•

॥ श्री ॥

दि. १ डिसेंबर, दुपारी चार

माननीय यजमान यांस,

गहिनीनाथ, सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक, पाथर्डी, यांचा नमस्कार. आपले नाव ठाऊक नसल्याने मायना अपुरा राहिला, त्याची क्षमा असावी.

आपण तिसऱ्या पाहुण्याची चौकशी केलीत. मी पोथीचे सात दिवसांचे पारायण करीत आहे. वाचनापूर्वी श्रीदत्तमहाराजांसाठी एक आसन मांडून त्यांना आवाहन करण्याची आणि त्यांच्यापुढे ताट ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. ताटातले अन्न नंतर आम्ही दोघेच प्रसाद म्हणून घेतो. आपल्या पलंगावर, चादरीवर अथवा पाण्यावर तिसऱ्याचा भार पडलेला नाही. मात्र तिसरे कोणी नाही, असे मी लिहून देणार नाही. ते माझ्याने होणार नाही. ओळखपत्र देण्यासही मी असमर्थ आहे.

माझी पत्नी आजारातून उठली आहे आणि हा तिचा नवस आहे. उद्या आसन हलले तर तो मोडेल. आपण मान्य कराल त्या अटीवर आम्हांस गुरुवारपर्यंत राहू द्यावे.

आता माझा एक प्रश्न. बंद खोलीतले ताट आपणास दिसले कसे? आपण या घरात कोठे डोळा बसवला असेल तर तसे स्वच्छ सांगावे. वृद्ध माणसांच्या देवपूजेवर पाळत ठेवणे सज्जनास शोभत नाही.

आपला,
गहिनीनाथ

•

मंगळवार, दि. २ डिसेंबर, सकाळी

आदरणीय गुरुजी,

सप्रेम जय भीम.

हे पत्र मधल्या दाराखालून सरकवत आहे. यावरूनच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले असेल. घरात डोळा कोठेही नाही. दाराच्या अलीकडे मी आणि माझे वडील राहतो.

जाहिरातीत मी ‘संपूर्ण घर’ असे लिहिले आहे. ते खरे नाही. पाहुणे आले की आम्ही या मागच्या खोलीत येतो आणि मागच्या दाराने ये-जा करतो. आबांना दमा आहे. पाहुण्यांना कळू नये म्हणून ते उशीत तोंड घालून खोकतात. रोज पहाटे भिंतीपलीकडून, यावे महाराज, बसावे महाराज, सावकाश होऊ द्या, असे ऐकू येत होते. मला वाटले, तुम्ही कोणा महाराजांना गुपचूप ठेवून घेतले आहे. मागे दोघे म्हणून आलेले नऊ जण निघाले होते आणि पलंग मोडून गेले होते. तेव्हापासून मी भिंतीला कान लावून असते. याबद्दल माफ करा.

तुमचे पत्र वाचून मला आधी राग आला. वाटले, गुरुजी थट्टा करत आहेत. आबांना वाचून दाखवले तर ते हसायला लागले. ते एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, की नेवाशाच्या गाडीत एक म्हातारा दरवर्षी दत्तजयंतीला शेजारची सीट महाराजांसाठी धरायचा आणि तिचंही पूर्ण तिकीट घ्यायचा. वर म्हणाले, हा मास्तर खोटं बोलत नाही, मी स्वतः असलं तिकीट फाडलंय.

आता माझ्या नावाबद्दल. आम्ही बौद्ध आहोत. पहिल्या वर्षी पूर्ण नाव लिहीत होते. दोन कुटुंबे अंगणात उभी राहून आडनाव विचारून सामानासकट परत गेली. त्यातले एक तुमच्यासारखेच पारायणाला आले होते. मग मी एकच अक्षर ठेवले आणि समोर येणे बंद केले.

ओळखपत्राची गरज नाही. तुम्ही गुरुवारपर्यंत राहू शकता. पण हे वाचल्यावर राहायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही तक्रार केलीत तर जाहिरात बंद होईल आणि आबांची औषधे अडतील. तरीही घाबरून खोटे सांगावेसे वाटले नाही, कारण तुम्हीही सांगितले नाहीत.

आपली,
माधुरी

•

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष शु. १४, बुधवार, दि. ३ डिसेंबर

चि. सौ. गोजर हीस,

अनेक आशीर्वाद. आसन हलले नाही. सहावा दिवस पुरा झाला. यजमानीणबाईंचे पत्र वहिनींनी सुनीलला पाठवलेच आहे, तेव्हा तोच मजकूर पुन्हा लिहीत नाही.

तुझ्यापासून एक गोष्ट दडवणार नाही. ते पत्र वाचून माझी दृष्टी सर्वप्रथम गेली ती पाण्याच्या घागरीकडे. छत्तीस वर्षे वर्गात आणि तितकीच वर्षे प्रवचनात मी समदृष्टी समजावून सांगितली. अर्थ मला पाठ आहे. आणि दृष्टी घागरीकडे गेली. त्या क्षणी, कारभारीला फोन करावा, हे माझ्या मनात येऊन गेले. कारण म्हणून मी खोकल्याने होणारा व्यत्यय पुढे केला असता.

तुझ्या वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना शब्द अजून एकेक करून गोळा करावे लागतात. त्यांनी सावकाश विचारले, की चार दिवस ह्याच पाण्यावर स्वयंपाक झाला, महाराज जेवले, ते काही उठून गेले न्हाईत, मग तुमी कुठं निघालात? मी पोथी उघडली.

कालपासून मी एक विचार करतो आहे. लॉजवर माणूस समोर दिसतो, म्हणून लॉज बरा, असे मी तुला लिहिले. परंतु कारभारीचे घर कोठे आहे, त्याची मुले काय करतात, हे वीस वर्षांत मी एकदाही विचारले नाही. येथे तोंड दिसत नाही म्हणून मी पाच दिवस संशय घेतला. ते तोंड का दिसत नव्हते, त्याचे कारण माझ्यासारखीच माणसे होती.

आज दुपारी दाराखालून चिठ्ठी सरकवली. माझ्याकडून कोणतीही तक्रार जाणार नाही, हे लिहिले. उद्याच्या समाप्तीस दोघांनी प्रसादाला यावे, अशी विनंती केली. विनंती त्यांना रुचेल की नाही, ते सांगता येत नाही. उत्तर अद्याप आलेले नाही. वहिनी दर घटकेला जाऊन दाराखाली पाहून येतात.

तुझा दादा,
गहिनीनाथ

•

गुरुवार, दि. ४ डिसेंबर, सकाळी

आदरणीय गुरुजी आणि काकू,

सप्रेम जय भीम. उत्तराला उशीर झाला, कारण आबांचे आणि माझे एकमत होत नव्हते.

प्रसाद आम्ही घेत नाही. ती आमची धम्मदीक्षेची प्रतिज्ञा आहे, तुमच्याविषयी मनात काही नाही. मधले दारही मी उघडणार नाही. तुम्ही उद्या जाल, परवा दुसरे लोक येतील आणि ते कसे असतील, हे मला माहीत नाही. माझी काळजी तुम्हाला समजेल.

पण आबांना चहाला यायचे आहे. वाचन संपल्यावर, दहाच्या सुमारास, ते पुढच्या दाराने येतील. पाहुणे उतरलेले असताना ते पुढच्या खोलीत दोन वर्षांत बसलेले नाहीत. काल संध्याकाळी त्यांनी सदरा इस्त्री करून खुंटीला लावला आहे, आणि आज सकाळपासून दोनदा विचारले, की चपला बाहेर काढायच्या का आत.

काकूंना जपा.

आपली,
माधुरी रंभाजी