मुलाकडचा माणूस

जुनी इंदूर,
१२ फेब्रुवारी १९९३

चि. सुमेधास, बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी दिवे लावले आहेत, बसून वाच. मंगळवारी सफारी सूट घातलेला एक भिया आला. मुलगी कशी, घरी कोण येतं-जातं, खोदून खोदून विचारू लागला. शेजारपाजारीही चौकशी करून आला होता. मला वाटलं, मुलाकडचा! तुझ्या आईने पोहे आणले आणि माझी गाडी सुटली. म्हटलं, साहेब, आजकाल बाहेरून सूतसुद्धा येतं, म्हणून आमची मिल बसली. पण युरेनियम कुणी देत नाही. ते देशाला घरीच शुद्ध करावं लागतं, आणि ते आमची सुमेधा करते! त्यासाठीचं मशीन गरगर फिरवायचं तिला मीच शिकवलं, उभी हयात मिलमध्ये सुताच्या चात्या फिरवल्यात. घरी सगळं सांगते हो! (तू कधी चकार शब्द काढला नाहीस, तरी ठोकून दिलं.)

शेवटी विचारलं, मुलगा काय करतो? तर म्हणे, कौनसा लड़का? तो तुझ्या पक्क्या नोकरीसाठी आलेला सरकारी चौकशीवाला निघाला. आई माझ्याशी बोलत नाही. तुझी नोकरी गेली तर मी काय तोंड दाखवू?

लोभ या मूर्खपणानंतरही राहावा.
तुझा वाचाळ,
बाबा

२ मार्च १९९३

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ट्रंक भरायला घेतली होती. आज साहेबांनी बोलावलं, वाटलं घरी पाठवणार. पण मंजुरी आली! चौकशीवाल्याने लिहिलंय म्हणे, वडील फार बोलतात, माहिती काडीची नाही. म्हणजे मुलगी कामाचं घरी अवाक्षर काढत नाही हे उघड आहे. बाबा, तुमच्या बडबडीनेच मी वाचले.

लहानपणी तुम्ही माझा हात चालत्या मशीनवर ठेवायचात, थरथरीवरून बिघाड ओळखायला. ते इथे कामावर रोज आठवतं. याहून जास्त लिहिता येत नाही.

आईला नमस्कार. माया असू द्या.
सुमेधा

जुनी इंदूर,
९ मार्च १९९३

चि. सुमेधास आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. ‘माहिती काडीची नाही’ हे तुझ्या आईने गल्लीभर सांगितलं. सांगू दे, अपने को क्या!

थरथरीची ओळ मात्र मी तिलाही वाचून दाखवली नाही. पत्र चुलीत घातलं. दारच्या ओटल्यावर कुणी विचारलं तर सांगतो, पोरगी तिकडे कारकुनी करते. आयुष्यात पहिल्यांदा मला खरंच काही कळलंय, आणि पहिल्यांदाच मी गप्प आहे. मला बरं नाही असं समजून आई काढा करतेय. मुकाट पितो आहे.

यावर काही लिहू नकोस. जेवलीस का, तेवढं कळवत जा.

तुझा,
बाबा