न झिजलेले बूट

प्रिय बाळ,

पत्राला तीन वर्षं उशीर झाला, माफ कर. तू घर सोडलंस तेव्हा ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं मीच म्हणालो होतो. मग आधी कोणी लिहायचं, यातच दिवस गेले. पण आता तुझ्या लेकीचा घोर लागलाय आणि सूनबाईला सांगायचा धीर होत नाही.

भिंगरीच्या शाळेने यंदा नवंच काढलंय. जवळच्या मुलांनी सकाळी चालत यायचं, फाटकात कार्डावर शिक्का मिळतो. आपली भिंगरी त्यात पहिली! सूनबाई ते कार्ड शेजारणीला दाखवत फिरते. मीही खूश होतो. मग एकदा सवयीने पोरीचे बूट उलटे करून बघितले. मी चौथी शिकलेला माणूस, पण चाळीस वर्षं टपरीत बसून लोकांचे जोडे दुरुस्त केलेत. सोल मला वाचता येतो. दोन महिने रोज पंचवीस मिनिटं चालणाऱ्या पोरीची टाच कोरी कशी? खाचांत मातीचा कण नाही. होते ते निळे धागे, गाडीत पायाखाली घालतात तसल्या चटईचे.

तिला विचारलं, तर म्हणाली, “आबा, पायीच जाते, शप्पथ!” आणि नजर मात्र चुकवली. सूनबाईला नुसतं सुचवून बघितलं, तर हसून म्हणते, “बाबा, तुम्ही माणसांचे चेहरे कधी बघता का हो? की नुसत्या टाचाच?” पण माझी झोप उडाली. शिक्का मारणाऱ्या पहारेकऱ्यावर मला संशय, दूधवाल्यावर संशय, गल्लीत गाडी थांबली की तिच्यावर संशय. दहा वर्षांची पोर कोणाच्या गाडीत बसते?

सोमवारी तिच्या मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीच्या वळणावर एक पांढरी गाडी उभी होती. पोर आपणहून, हसत आत बसली. ओरडणार, तेवढ्यात तिचं दप्तर मागच्या सीटवर ठेवायला चालवणारा खाली उतरला. माझ्याकडे पाठ होती. मी सवयीप्रमाणे खालीच बघितलं. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने पार तिरकी झालेली. असा झिजवणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याचे शाळेचे बूट दर दोन महिन्यांनी मीच सारखे करायचो.

सूनबाईला अजून बोललेलो नाही. तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र भिंगरीच्या दप्तरात ठेवतोय. पण पोरीला खोटे शिक्के घ्यायला लावू नकोस. आणि वेड्या, गाडीने तुला ती चार मिनिटं मिळते. टाकीपासून चालत गेलास तर वीस मिळतील. गाडी ठेव घरी. रोज रात्री मी तिची टाच बघीन. आणि तुझी ती डावी टाच एकदा घेऊन ये, सारखी करून देतो. येतोस की नाही, तेवढं तिच्याच हाती लवकर लिहून पाठव.

तुझाच,
बाबा