खाड्यांचा चैत्र

१ एप्रिल १९५७, सोम.
आजपासून नवे पैसे सुरू. पगार जुनाच. त्यातून पतपेढीचा पहिला हप्ता कापला, दहा रु. कर्ज माझ्या नावावर, खाणावळ गोदाक्काची. पतपेढी कारखान्यातल्या माणसालाच कर्ज देते, म्हणून फाल्गुनात मी सही केली. सही जेवण झाल्यावर केली. पोट भरलं की मी फार उदार होतो.
संध्याकाळी अक्कानं दहाची नोट हातावर ठेवली. "घे बाबा, पडू दे तुजा जीव भांड्यात." पडला.

४ एप्रिल, गुरु.
कर्जाच्या पैशांतून चाकणच्या बाजारातून आणलेली ज्वारीची पोती अक्कानं भिंतीशी रचलीत. इतकी वर्षं वाण्याकडून रोजची रोज उधार, तो म्हणेल तो भाव. "आता त्याच्या दारात उभं ऱ्हायाचं न्हाई," म्हणाली. भाकरी जरा मोठी झालीय. बरं वाटलं.

७ एप्रिल, रवि.
माझ्या खोलीतला दगडू जत्रेला गावी गेला. खाडा लावून. न जेवलेल्या दिवसाचे पैसे द्यायचे नाहीत, हा खाणावळीचा रिवाज.

१० एप्रिल, बुध.
पंगत निम्म्यावर आली. उरलेलेही पिशव्या भरतायत. चैत्रात गावोगाव जत्रा असतात हे काय आम्हाला माहीत नव्हतं? मी दरवर्षी जातो, अक्काही जायची. कर्ज काढताना दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जत्रेला निघालेला माणूस मागं कुणाची चूल थंड पडली ते कुठं बघतो.
पुढचा हप्ता अंगावर आला तर आईची मनीऑर्डर बंद. तिला काय कळवू? झोप नाही.

१२ एप्रिल, शुक्र.
अक्का म्हणते, जत्रेतच जाऊन भाकरी विकते.
मी : अगं, जत्रेत वाटेनं जाणाऱ्यालाही धरून जेवायला बसवतात. विकत कोण घेणार?
"पाळणंवाल्याला कोण बसवतंय? बांगडीवाल्याला? त्यास्नी दुकान सोडून उठता येतंय व्हय?"
पटलं. भीती तशीच.

१४ एप्रिल, रवि. पौर्णिमा.
आमच्या गावची जत्रा आज. गेलो नाही. गावी जायच्या भाड्याचे पैसे खिशात होते, ते अक्काच्या बैलगाडीला दिले. म्हणजे आणखी रुतलो. पहाटे ती पीठ, तवा, पाटा घेऊन मावळाकडं गेली. एकीकडून दुसऱ्या जत्रेत, जमेल तसं. आई वाट बघत असेल.

१६ एप्रिल, मंगळ.
अजून पत्ता नाही. वाण्याकडं चणे-कुरमुरे घेतले. "राहू द्या, उधार लिहितो," म्हणाला, फार गोड. रोख दिले. "अक्का कधी येणार?" म्हटलं, येईल. मलाच खात्री नाही.

१७ एप्रिल, बुध.
कामावरून येऊन खाणावळीच्या दारात बसून हे लिहितोय. वाण्याची नजर रस्त्यावर, माझीही. त्या वळणावर गाडी दिसतेय, तीच आहे. अक्का गाडीच्या पुढं चालतेय. पोती झाकलेली. लांबूनच हाक दिली, "चूल पेटव रं."
पीठ खपलं म्हणून, का उरलं म्हणून, आवाजावरून कळत नाही. उठतो. चूल पेटवायची आहे.