वैशाखातला तारपा

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीच्या पुढं गेलो नाही, म्हणून आपल्या दोघांत कागदाचं काम कधी पडलंच नाही. तू असतास तर हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि वाचणाऱ्यानं साऱ्या पाड्याला सांगितलं असतं. आता ती भीती नाही. मी गोव्याला आहे, समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, चादरी-टॉवेल धुवायच्या खात्यात. इथं खोलीखोलीत पाटी लावलीय, टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा. पाहुणे पाटी वाचतात आणि ओला टॉवेल तिच्यावरच टाकतात. परवा एक शिकाऊ मुलगी आमच्याकडं आली, धुण्याला पाणी किती लागतं ते विचारायला. कशाला, म्हटलं, तर म्हणाली, शाश्वत आंतरराष्ट्रीय पर्यटन विकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतेय. मला कळणार नाही असं वाटून ती सोपं करून सांगायला लागली. मी म्हटलं, ठाऊक आहे मला, आमच्या ओटीवर राहून गेलंय ते. ती हसली. मला हसू आलं नाही. ती गेल्यावर हातातली चादर हातातच राहिली, आणि इतक्या वर्षांनी मला तुझा राग आला, अगदी तेव्हासारखा.

आपल्याकडं आली तीही असंच शिकणारी होती, पुण्याची. भात कापून झालं होतं, खळी चालू होती. जीपमधून उतरली तेव्हा तिच्या पाठीवर तिच्याएवढीच पिशवी, आणि दाभोशाचा धबधबा बघायला आलेले लोक परत जातात तशी ती परत गेलीच नाही. आपल्या ओटीवर पथारी टाकली. पहिल्या संध्याकाळी तू तिला विचारतोस, "कितवीला हायस पोरी?" ती म्हणते, "सतरावी म्हणा, बाबा." तू डोळे मोठे करतोस. "सतरावी! आन् अजून सोडत नायत तुला? लई नापास झालीस का?" आई चुलीपुढून ओरडते, "गप ना, पोर जेवते हाय." तिला इतकं हसू आलं की नागलीची भाकर घशात अडकली आणि मलाच पाणी घेऊन पळावं लागलं. मग तिनं सांगितलं, धबधब्यापायी इथं पुढं पुष्कळ लोक येणार, देशातले, परदेशातले. ते आले म्हणजे गावाचं काय राहायला पाहिजे आणि काय जायला नको, ते तिला शिकायचं होतं. "आमच्या रीतीनं येतील तर येऊ दे," तू म्हणालास. "नेमकं तेच मी लिहिणार आहे," ती म्हणाली. तुझी मान ताठ झाली, मी बघितलं.

देवाला नवं भात दाखवलं, तसा तू आढ्याला टांगलेला तारपा खाली काढलास आणि त्याच्या भोपळ्यात फुंक भरलीस. अंगणात फेर धरला गेला, मधे तू, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. तीही फेरात शिरली. नाचता नाचता मागच्या बाईशी बोलायला वळली आणि तिची पाठ तुझ्याकडं झाली. डोळे मिटलेले असून तुला कसं कळलं कोण जाणे, तारपा थांबला, सगळा फेर थांबला. "तारपकऱ्याला पाठ दाखवायची नाय, पोरी. कितीबी गोल फिर, तोंड इकडं." ती लाजून नीट उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं तुला सगळं विचारून घेतलं. तारपा कधी काढायचा, कधी गुंडाळून ठेवायचा, पुढचं नवं भात येईपर्यंत त्याला तोंड का लावायचं नाही. तू एकेक सांगत होतास आणि मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून गाल चोळत होतो.

कारण ते मला फार आधीच शिकवून झालं होतं. गुरं वळून आलो होतो, पावसाच्या तोंडाचे दिवस, घरात कुणी नव्हतं. मी आढ्यावर चढून तारपा काढला आणि फुंकला. सूर कसला, रेडा डुरकला तसा आवाज निघाला. तू नदीकडून धावत आलास आणि असं थोबाडलंस की कानात तारपाच वाजत राहिला. "कणसरी अजून भुईत निजली हाय, आन् तू तिला हाका मारतोस? उठून निघून गेली म्हंजे खाशील काय?" मी रडलो, पण बा, मला ते पटलं होतं. धान्याची देवी अवेळी उठवायची नाही, हे मला पटलं होतं. म्हणून तर पुढचंही पटवून घेतलं. गुरुजी आपल्या दारी आले होते, याला जव्हारला आश्रमशाळेत पाचवीला घाला म्हणून. तू म्हणालास, "थोरला गुरांमागं जातो. आमच्यात नेम हाय." गुरुजी म्हणाले, "नेम थोडा वाकवा की." तू म्हणालास, "वाकला म्हंजे तो नेम कसला?" गुरुजींनी चहासुद्धा घेतला नाही. मी काठी घेऊन गुरांमागं गेलो. मनात म्हटलं, आपला बा असा आहे, देवाचा नेम कुणासाठी वाकवत नाही, तर माझ्यासाठी कसा वाकवेल.

आणि मग वैशाखात ती परत आली, तिच्या परीक्षकाला घेऊन. परदेशी साहेब, उंच, लाल झालेला, टोपीनं वारा घेत होता. तिचं सगळं लिहून झालं होतं, तो फक्त जागा बघायला आला होता. ओटीवर बसून तो तिच्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलला आणि तिचं तोंड उतरत गेलं. तू मला कोपरानं ढोसलंस. "काय म्हणतो रं?" मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सर विचारतात, पाहुणे सुट्टीत येणार, उन्हाळ्यात. तेव्हा इथं वाजवतच नाहीत, तर ते ऐकणार काय? म्हणे माझं सगळं काम कागदावरच चांगलं आहे." तू विचारलंस, "म्हंजे नापास?" ताटातला भात तिनं चिवडला आणि ठेवून दिला.

तू उठलास. मला वाटलं पाणी प्यायला. तू आढ्याला हात घातलास. "बा," मी म्हटलं. ती उभी राहिली, "नको, बाबा, तुमचा नेम आहे, मी तसंच लिहिलंय." तू फडकं सोडत म्हणालास, "सतरावीपर्यंत आलेली पोर. आता पडली तर परत कवा उठायची?" आणि अंगणात जाऊन, भर उन्हात, डोळे मिटून तू वाजवायला लागलास.

बा, तिच्या सतरावीसाठी तू देव वाकवलास. माझ्या पाचवीसाठी तुला चार गुरं वाकवता आली नाहीत. कपडे पिशवीत कोंबले, तुझ्या समोरून अंगण ओलांडलं आणि तुला पाठ दाखवून जीपच्या रस्त्याला लागलो. तेव्हापासून एका जागी टिकलो नाही. वसईला रेती, सुरतेला साड्या, आता हे.

त्या साली पाऊस उशिरा आला, नागलीची रोपं करपली. अवेळी वाजवलं म्हणून भगतानं तुझं नाव घेतलं, तू कोंबडा दिलास, पण नवं भात झाल्यावर लोक नाचायला दुसऱ्या पाड्यावर गेले. आपलं अंगण रिकामं राहिलं आणि तुझा तारपा आढ्यालाच राहिला. हे मला आईनं सांगितलं, तू गेल्यावर, मी आलो तेव्हा. ती पोर पास झाली म्हणून पेढे घेऊन आली होती, हेही सांगितलं. त्यातला एक तू माझ्यासाठी ठेवला होतास म्हणे, मुंग्या लागेपर्यंत. मी आईला म्हटलं, तिच्या पासाचा पेढा मला कशाला? आई म्हणाली, "तू नाय, तर तुझ्या वाटंचं कुणीतरी पास झालेलं त्याला बघायचं व्हतं." मला ते अजून पटत नाही. पटलं तर मी कुणावर रागावू?

हा कागद मी कुठंच टाकणार नाही. पण एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मी ताडताड गेलो आणि दिसली त्या जीपमध्ये बसलो, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही झालं. वळणावरच्या मोहाच्या झाडापाशी जीप थांबली, ड्रायव्हरनं हात केला, "येतोस का?" तुझा तारपा तिथपर्यंत ऐकू येत होता. मी आपल्या घराकडं तोंड करून उभा होतो. मी त्याला म्हटलं, तू जा, मी मागच्या जीपनं येतो.