शिक्क्याखालची अट

तीर्थरूप आत्या यांस,

खुर्ची मागे सरकवून, उभे राहून नमस्कार. (बसून लिहिलेला नमस्कार आळशी दिसतो, म्हणून एवढा एक शब्द मी खरोखरच उभ्याने लिहिला आहे. अक्षर जरा तिरके आले आहे ते त्यामुळे.) पत्राचे कारण पुढे कुठेतरी येईलच, आधी तब्येतीचे विचारतो. तुमचे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून तुम्ही बोलायला लागलात की मगच येतो? इथे आम्ही सगळे ठीक आहोत. बाबा दुकानात लोकांची घड्याळे दुरुस्त करतात आणि स्वतः जेवायला उशिरा येतात. आई म्हणते, मी हल्ली भात कालवता कालवता मध्येच थांबतो आणि कुठेतरी बघत बसतो. ते खरे आहे, आणि तेच सांगायचे आहे.

तुम्ही अजून सकाळी नदीत पोहायला जाता ना? जात असाल तर कान नीट कोरडे करत जा. सुट्टीत तुम्ही आम्हा सगळ्या भावंडांना नदीवर न्यायचात, बाकीची बेडकांसारखी उड्या मारायची आणि मी काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायचो, हे तुम्ही विसरला नसालच. एकही चप्पल कधी हरवली नाही. (समोर मी तुम्हाला 'अगं आत्या' म्हणतो आणि इथे 'तुम्ही' लिहितो, याचा राग मानू नका. कागदावर 'अगं' फार उघडेबोडके दिसते.)

तर आत्या, राज्यभरातल्या ग्रंथालयांचे ते वार्तापत्र तुमच्याकडेही येते. तुम्ही ग्रंथपाल असल्यामुळे ते तुमच्या टेबलावर येत असेल आणि तुम्ही त्याने माश्या हाकत असाल, पण मला ते फार आवडते. एका ग्रंथालयाने वाळवीवर विजय मिळवलेला असतो. दुसऱ्या एका ग्रंथालयाची मांजर सापडलेली असते. कुठे खळ बनवण्याची कार्यशाळा असते, कुठे कार्डांचे जुने कपाट फुकट मिळणार असते (स्वखर्चाने उचलून न्यावे). वाचताना मला वाटते की सगळे राज्य म्हणजे एकच लांबलचक घर आहे आणि प्रत्येक ग्रंथालय ही त्यातली एक खोली. मी इथे आमच्या ग्रंथालयातल्या एका कपाटावरची धूळ झटकली की चार खोल्या पलीकडे कोणीतरी शिंकत असेल. मागे त्यात आमचीही बातमी आली होती : 'वाचनकक्षात नवा पंखा बसवला. जुना गरजूंना देणे आहे.' त्यावर एका दूरच्या ग्रंथालयाने पत्र पाठवून विचारले होते, 'फिरतो का?' मी खरे ते कळवले. पुढे पत्रव्यवहार झाला नाही.

या वार्तापत्राच्या मधल्या पानांवर 'संधी' नावाचे सदर असते. नोकऱ्या, शिबिरे वगैरे. मी ते नेहमी वाचतो, पण दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका वाचावी तसे. या वेळी मात्र घोटाळा झाला.

आमच्याकडे नवीन काहीही आले की पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, आणि मधल्या एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का मारतात. (कोणी पहिले पान फाडून पुस्तक लांबवले तरी आतली खूण राहावी म्हणून. तुम्हाला हे मी सांगणे म्हणजे माशाला पाणी दाखवणे, पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.) हे काम माझे. आमच्या ग्रंथपालबाईंचा हात आता थरथरतो आणि त्यांचा शिक्का पुस्तकावर न बसता पुस्तकावरून चालत गेल्यासारखा दिसतो. त्या दिवशी शाईची नवी गादी होती. मी गुप्त पान उघडले, शिक्का गादीवर टेकवला, श्वास रोखला आणि मारला. आत्या, असा शिक्का मी आजवर मारला नव्हता. गोल काठ सलग, मधली तारीख टवटवीत, शाईचा फराटा कुठेही नाही. बाई उठून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "वा!" बाई सहसा 'वा' म्हणत नाहीत. आणि मग माझी नजर शिक्क्याच्या भोवती गेली.

धरणाच्या जलाशयाकाठी जी गावे आहेत, त्यांच्यासाठी होडीतले ग्रंथालय सुरू होणार आहे. धक्क्याधक्क्याला होडी लागेल, लोक पुस्तके घेतील, होडी पुढे जाईल. त्यासाठी एक सहायक हवा. अक्षर स्वच्छ हवे, स्वभाव नीटनेटका हवा, बोलणे कमी चालेल. आत्या, माझे एवढे नेमके वर्णन आईनेही कधी केलेले नाही! त्यापुढे असे होते : 'उमेदवारास', मग आमच्या ग्रंथालयाचा सुरेख, गोल, जांभळा शिक्का, आणि त्याच्या पलीकडच्या काठाला 'आवश्यक. अन्यथा अर्ज करू नये.'

काय आवश्यक? ते माझ्याच हाताखाली गेले.

तुम्ही म्हणाल, वेड्या, अर्ज करून टाक. बाबाही तेच म्हणाले. "सही ठोक आणि मोकळा हो, जग असंच चालतं." मी म्हटले, "बाबा, घड्याळ असं चालेल का?" त्यावर त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि संभाषण संपवले. पण अर्जाच्या खाली लिहावे लागते की जाहिरातीतल्या सर्व अटी वाचल्या आहेत व मान्य आहेत. न वाचलेल्या अटीखाली मी सही कशी करू? आणि मनातले सांगायचे तर, मला भीती पदवीची आहे. गणिताने मला दोनदा सोडले आणि मग मी शाळा सोडली, हे तुम्ही जाणताच. त्या शिक्क्याखाली जर पदवी असेल तर माझी होडी धक्क्यालाच बुडाली. आणि नसेल, तर... या 'तर'पाशी आलो की माझा घास हातात राहतो.

दुपारी वाचनकक्षात फारसे कोणी नसते. उंच खिडकीतून ऊन आत येते, लाद्यांवर पसरते आणि वरच्या पंख्यामुळे हलायला लागते. मग खालचे सगळे पाणीच असते. मी पुस्तकांची ढकलगाडी घेऊन हळूहळू निघतो. तिचे एक चाक कुरकुरते, वल्हे कुरकुरावे तसे. कपाटांच्या रांगा म्हणजे दोन्ही काठ. कथांच्या कपाटापाशी एक म्हातारी वाट बघत उभी असते, तिला मोठ्या अक्षरांचे पुस्तक हवे असते, आणि माझ्याकडे नेमके ते असते. शेतीच्या कपाटापाशी दोघे भाऊ एकाच पुस्तकासाठी भांडत असतात. मी त्यांना दोन प्रती देतो. लांबच्या धक्क्यावर कोणीतरी हात हलवत असते, ऊन डोळ्यांवर येत असल्यामुळे चेहरा दिसत नाही, पण आपल्यासाठीच हलवत आहे हे कळते. पाणी शांत असते, पुस्तके कोरडी असतात, आणि मीही. एकदा बाई म्हणाल्या, "आजकाल गाडी फार सावकाश ढकलतोस रे." मी भानावर नव्हतो. "लाटा आहेत," असे तोंडून गेले. बाईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग लाद्यांकडे बघितले. (बाईंचे बघणे इतरांच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येते.)

अट वाचण्याचे प्रयत्न मी सोडलेले नाहीत. पान खिडकीच्या काचेला लावून पाहिले. शाई फारच चांगली आहे. खोडरबर हातात घेतला, पण ग्रंथालयाचा शिक्का ग्रंथालयाच्याच माणसाने खोडायचा म्हणजे कुंपणाने शेत खाण्यासारखे, म्हणून परत ठेवला. मग वाटले, मागच्या बाजूने ऊन पाडले तर छापील अक्षरे जांभळ्यातून उठून दिसतील. एवढ्यात डुलकीआजोबांनी अंक उचलला.

हे आमचे रोजचे वाचक. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसतात, वार्तापत्र मधोमध उघडून तोंडावर घेतात आणि झोपतात. बाकीची मासिके गुळगुळीत असतात, ती नाकावरून घसरतात. वार्तापत्राचा कागद खरखरीत आहे, तो टिकतो. राज्यभरातल्या ग्रंथपालांनी कळकळीने लिहिलेल्या बातम्यांचा असा नित्यनेमाने उपयोग करणारे आमच्याकडे ते एकटेच आहेत. आणि भिंतीवर पाटी आहे : 'वाचकाच्या हातातील नियतकालिक मागू नये.' पाटी मीच रंगवली आहे. त्यात 'तोंडावरील' असे लिहिलेले नाही, पण हेतू तोच.

म्हणून मी मागितले नाही. फक्त वाकलो. ऊन बरोबर मागून येत होते, पान दिव्यासारखे उजळले होते आणि गुप्त पानाची पाठ नेमकी त्यांच्या कपाळावर होती. मी आईच्या फणीपेटीतला आरसा नेला होता (उलटी अक्षरे सुलटी दिसावीत म्हणून). आरसा एका हातात, दुसरा हात पाठीमागे, नाक त्यांच्या कानापाशी. पानाखालून आवाज आला, "कानात फुंकू नकोस रे. काय हरवलंय?"

मी म्हटले, "एक अट, आजोबा."

"लग्नाची?"

"नोकरीची."

"मग न वाचलेलीच बरी. मी माझी वाचली होती, आयुष्यभर पाळावी लागली." एवढे बोलून ते परत घोरू लागले, आणि त्यांच्या घोरण्याने माझी अट कपाळावर वरखाली होऊ लागली. मी मागे वळलो तर बाई दारात उभ्या. आरसा लपवायला जागा नव्हती, म्हणून मी त्यात भांग बघितला.

आता अट कळत नाही म्हटल्यावर, जी असू शकेल ती प्रत्येक पुरी करावी असे मी ठरवले आहे. बाईंच्या टंकयंत्रावर दोन्ही हातांनी लिहायला शिकलो. पुस्तकांच्या वर्गीकरणाचे आकडे पाठ केले (गणितातले आकडे मला फसवतात, हे फसवत नाहीत). फाटलेली पुठ्ठाबांधणी शिवायला शिकलो. 'सहायकास गाणे आवश्यक' असेल तर काय, या विचाराने एक दिवस मोरीत गाऊनही पाहिले. आईने दार वाजवून विचारले, पडलास का. कोरड्या जमिनीवर माणूस जे जे शिकू शकतो ते ते मी शिकलो आहे. तरी धाकधूक जात नाही. बाईंना अजून सांगितलेले नाही. त्यांनीच मला शिक्का धरायला शिकवला, आणि तोच शिक्का खाली ठेवून मी निघून जायचे स्वप्न बघतो आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

पत्र लांबले. आतोबांना नमस्कार, गुडघ्यांना तेल, कानांना टॉवेल.

चपला सांभाळणारा तुमचा भाचा

ता. क. १ : मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्याकडे तोच अंक आलेला असणार. 'संधी' सदरात होडीची जाहिरात काढून 'उमेदवारास' आणि 'आवश्यक' यांच्या मध्ये काय आहे तेवढे उतरवून पाठवा. मात्र तुमच्याकडेही गुप्त पान तेच असेल तर पंचाईत आहे. तुमचे गुप्त पान कोणते ते मी विचारणार नाही, गुप्त असते. फोन केला असता, पण आमचा फोन बाईंच्या टेबलावर आहे.

ता. क. २ : पाकिटावर तिकीट चिकटवले, आणि तेवढ्यात बाईंनी फोन उचलून तुम्हालाच लावला. मला वाटले, कामाचे काही असेल. बाई वाचनकक्षाच्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो होडीचा मजकूर जरा वाचून दाखवता का? आमच्याकडे एकजण आरसा घेऊन फिरतोय." मग तुम्ही अंक शोधलात असणार, आणि मग तुमचे हसणे. आत्या, ते फोनमधून बाहेर पडून सगळ्या खोलीत ऐकू आले. डुलकीआजोबांच्या तोंडावरून वार्तापत्र घसरले, जे आजवर कधी झाले नव्हते. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पदवीबिदवी काही नाही. पोहता येणं आवश्यक." आजोबा म्हणाले, "सांगितलं होतं, न वाचलेलीच बरी."

होडीत नोकरी करायची, आणि इतके दिवस पाण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही! बाई शिक्का उचलून हातात तोलत होत्या. म्हणाल्या, "शिकून घे जा. माझा तिरका बसेल, बसू दे. थोडे दिवस इथे तिरकंच चालेल." मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मारून पाहिला. फारच तिरका बसला. आम्ही दोघांनीही तो चांगला आला असे म्हटले.

त्यामुळे वरच्या सगळ्या पत्राची आता गरज उरलेली नाही. पण तिकीट वाया जाईल.

ता. क. ३ : शनिवारच्या गाडीने येतो. रविवारी सकाळी तुम्ही मला नदीत न्यायचे आहे. आईच्या सांगण्यावरून बादलीत तोंड घालून सराव सुरू केला आहे. काल पहिल्यांदाच आत डोळे उघडले. तळाशी साबणाची वडी होती, आणि तिच्यावर ऊन हलत होते, आमच्या लाद्यांवर हलते तसेच. टॉवेल माझा मी आणतो. आतोबांना खोकला असला तरी काठावर बसवा. चपला दोनच जोड असतील, पण त्यांना सांगा, नजर हटू द्यायची नाही.